देवदाराचं तेल: खरेदी, काढणी, साठवण आणि वापर (मराठवाड्यातल्या नवख्यांसाठी)

घरगुती साबण, केसांचं तेल, अगरबत्ती किंवा कपाटात ठेवायच्या पुरचुंड्या असा छोटा उद्योग सुरू करणाऱ्यांच्या यादीत देवदाराचं तेल हमखास असतं. ते लिंबू-संत्र्याच्या तेलासारखं भसकन उडून जात नाही, चंदनाइतकं महागही नाही, आणि नवख्याच्या बऱ्याच चुका पोटात घालतं. तरीही आपल्याकडे हे तेल वाया जातं. बहुतेक वेळा त्यात विकणाऱ्याचा दोष नसतो. अर्धी रिकामी बाटली उन्हाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहते, तिथे घोळ होतो. म्हणून खाली साठवणीवर जास्त लिहिलं आहे.

पायरी १: बाटलीवर झाडाचं शास्त्रीय नाव शोधा

'सीडरवुड ऑइल' या एकाच नावाखाली निदान चार झाडांची तेलं विकली जातात. पहिलं आपलं हिमालयातलं देवदार, सेड्रस देवदारा. ते जम्मू-काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या डोंगरांत वाढतं. दुसरं मोरोक्को आणि अल्जीरियातल्या अ‍ॅटलास पर्वतातलं, सेड्रस अटलांटिका. उरलेली दोन अमेरिकेतली: व्हर्जिनिया आणि टेक्सास सीडर. त्यांना सीडर म्हणत असले तरी ती ज्युनिपर जातीची झाडं आहेत.

पहिल्या दोघांत हिमाचलीन नावाचे घटक मुख्य असतात. वास उबदार, राळेकडे झुकणारा, थोडा आंबूस. अमेरिकन तेलांत सेड्रीन, थुजोप्सीन आणि सेड्रॉल असतात. त्यांचा वास नुकत्याच छिललेल्या पेन्सिलीसारखा येतो, आणि का नाही येणार, पेन्सिली त्याच लाकडाच्या बनायच्या. परदेशी व्हिडिओतली कृती बहुधा या अमेरिकन तेलावर बेतलेली असते. तीच कृती हिमालयी तेलानं केली तर माल वाईट होत नाही, पण वास वेगळा येतो आणि ग्राहक म्हणतो, "मागच्या वेळेसारखा नाही."

साबण, केसांचं तेल आणि अगरबत्तीसाठी हिमालयी तेलानं सुरुवात करा. ते देशातच मिळतं आणि पुन्हा मागवलं की त्याच जातीचं येतं. अ‍ॅटलास सीडर जागतिक लाल यादीत धोक्यातल्या झाडांत आहे, तेव्हा तो हट्ट नकोच. बाटलीवर नुसतं 'सीडरवुड' लिहिलं असेल आणि विचारूनही शास्त्रीय नाव मिळत नसेल, तर ते तेल घेऊ नका.

इथलाच एक सापळा लक्षात ठेवा. आपल्या वखारींत खोक्यांच्या हलक्या पांढुरक्या लाकडाला सर्रास 'देवदार' म्हणतात. ते बहुतेक वेळा पाइन असतं. त्याच्या भुशातून देवदाराचं तेल निघणार नाही. निघालंच तर टर्पेंटाइनच्या वासाचं काहीतरी निघेल.

पायरी २: तेल निघतं कसं, ते समजून घ्या

आधी एक सरळ गोष्ट: मराठवाड्यात देवदार लावून तेल काढायचा विचार सोडून द्या. हे झाड साधारण दीड ते तीन हजार मीटर उंचीवरच्या थंडीतलं आहे. बीड-लातूरच्या उन्हात रोप जगवणं हीच कसरत. शिवाय तेल असतं मोठ्या झाडाच्या गाभ्यात, म्हणजे वाट पाहायची पिढ्यान्‌पिढ्या. लाकूड बाहेरून आणायचं तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. तरीही काढणीची पद्धत माहीत हवी, कारण तेलाचे निम्मे गुणदोष तिथेच ठरतात.

तेल काढतात वाफेनं. गाभ्याचं लाकूड, बुंधे, मुळं किंवा सॉ-मिलमधला उरलेला माल घेऊन त्याचे ढलपे करतात. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात तेल नगण्य. ढलपे जाळीवर भरतात आणि खालून वाफ सोडतात. अगदी बारीक भुसा भरला तर तो घट्ट बसतो, वाफ एका बाजूनं वाट काढून निघून जाते आणि निम्मा माल कोरडाच राहतो. म्हणून भुसा असेल तर त्यात जाड ढलपे मिसळतात. उतारा साधारण १ ते ३ टक्के, म्हणजे १०० किलो लाकडामागे १ ते ३ किलो तेल.

देवदाराचे घटक जड आहेत, त्यामुळे वेळ फार लागतो. गवती चहाचा घाणा तीन-चार तासांत उरकतो, देवदाराला १२ तास आणि कधी त्याहून जास्त. घाईत लवकर थांबवलं की हलका अंश येतो आणि वासाला बूड देणारा जड अंश टाकीतच राहतो. स्वस्त तेल पातळ आणि उथळ वासाचं का लागतं, त्याचं हे एक कारण.

वाफ थंड होऊन तेल आणि पाणी एकत्र बाहेर पडतं. देवदार तेलाची घनता पाण्याच्या जवळ असते, ०.९२ ते ०.९५ च्या आसपास, त्यामुळे ते पाण्यावर सुटायला वेळ घेतं. येणारं पाणी अगदी थंडगार करण्यापेक्षा ४० ते ५० अंशांवर कोमट ठेवलं तर तेल पातळ राहतं आणि लवकर वेगळं होतं. मग निर्जल सोडियम सल्फेट घालून उरलेला ओलावा काढतात आणि तेल गाळतात. साध्या लोखंडाच्या टाकीत तेल काळपट होतं, म्हणून स्टेनलेस स्टील.

काही शेतकऱ्यांकडे गवती चहासाठी टाकी बसवलेली असते आणि "रिकामीच आहे, यात देवदार काढू" असा विचार येतो. दोन अडचणी आहेत. गवती चहाचा वास रबरी गॅस्केटात आणि सांध्यांत मुरलेला असतो. टाकी नुसती धुऊन तो जात नाही, गॅस्केट बदलावे लागतात आणि कोरी वाफ काही तास सोडावी लागते. दुसरी अडचण पाण्याची. एक किलो वाफ थंड करायला, कंडेन्सरचं (वाफ थंड करणाऱ्या भागाचं) पाणी ३० वरून ६० अंशांपर्यंत तापू दिलं तरी, साधारण २० लिटर पाणी लागतं. तासाला १० किलो वाफ आणि १५ तास धरले तर ३,००० लिटर. पाच हजार लिटरच्या टँकरचा निम्म्याहून जास्त भाग एका घाण्याला! पाणी फिरवून वापरायची सोय नसेल तर मराठवाड्यात हे गणित बसत नाही. जळणाचंही तेच. तुराट्या-पऱ्हाट्या भडकन पेटतात आणि भडकन विझतात, पंधरा तास एकसारखी वाफ त्यांवर टिकत नाही. आणि दाब धरणारी बंद टाकी गावातल्या वेल्डरकडून बनवून घेऊ नका. तो बॉयलर कायद्याचा विषय आहे आणि जिवाचाही.

लाकूड बंद भांड्यात भाजूनही तेल काढतात. ते काळं, डांबरासारखं आणि धुरकट वासाचं असतं. डोंगरी भागात 'केलोन का तेल' म्हणून ते जनावरांच्या खरजेवर वापरत आले आहेत. साबणात किंवा माणसाच्या केसांत ते नको. फार स्वस्त, गडद तपकिरी आणि चुलीच्या धुराचा वास असलेलं तेल समोर आलं तर हेच असण्याची शक्यता धरा.

पायरी ३: थोडं मागवा, घरी तपासा, मग किलोचा विचार करा

पहिली ऑर्डर ५० किंवा १०० मिलिची असू द्या. सोबत मागायचे कागद: बॅच क्रमांकासह तपासणी अहवाल, जीसी-एमएस अहवाल (तेलात कोणते घटक किती टक्के आहेत, ते सांगणारी यंत्र-तपासणी) आणि सुरक्षा माहितीपत्रक. अहवालावरचा बॅच क्रमांक आणि बाटलीवरचा क्रमांक एकच आहे का, ते पाहा. दोन वर्षांपूर्वीचा एकच अहवाल सगळ्या ग्राहकांना पाठवणारे विक्रेते बरेच आहेत. मोठी खरेदी असेल तर स्वतः नमुना पाठवून तपासून घ्या. कन्नौजचं सुगंध व सुरस विकास केंद्र (एफएफडीसी) हे काम करतं.

लागणारं साहित्य:
- ०.१ ग्रॅम अचूकतेचा छोटा वजनकाटा
- १० आणि १०० मिलिचे काचेचे मोजनळे
- टीपकागदाच्या पट्ट्या
- काचेची ड्रॉपर किंवा पिपेट, छोटं फनेल
- अंबर काचेच्या बाटल्या
- नायट्राइल हातमोजे

पहिली तपासणी वजनाची. काट्यावर कोरडा मोजनळा ठेवून शून्य करा आणि बरोबर १०० मिलि तेल भरा (५० मिलिच असेल तर आलेलं वजन दुप्पट करा). वजन ९२ ते ९५ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. ९८-९९ च्या पुढे गेलं तर डीईपीसारखा (डायइथाइल थॅलेट) जड पातळकारक असू शकतो, त्याची घनता सुमारे १.१२ आहे. ९० च्या खाली आलं तर टर्पेंटाइन किंवा लिक्विड पॅराफिनचा संशय घ्या. दोन्ही मिसळून वजन जुळवणारा भामटा या काट्यावर सापडणार नाही, त्यासाठी जीसी अहवालच हवा. मे महिन्यात दुपारी मोजलं तर वजन किंचित कमी येतं, कारण तेल फुगलेलं असतं. सकाळी मोजा.

दुसरी तपासणी पट्टीची. पट्टीवर एक थेंब टाका, तारीख लिहा आणि सावलीत ठेवा. एक तास, एक दिवस आणि तीन दिवसांनी वास घ्या. देवदाराचा वास हळूहळू मऊ होत जातो पण टिकतो. दुसऱ्या दिवशी पट्टी वासाला कोरी आणि हाताला तेलकट लागली, तर त्यात खाद्यतेल किंवा पॅराफिन आहे. देवदार स्वतः जड असल्यामुळे पहिल्या दिवशी डाग दिसणं स्वाभाविक आहे, त्यावरून घाईनं निकाल देऊ नका.

सायन्स साहित्याच्या दुकानात 'सीडरवुड ऑइल' मागितलं तर ते सूक्ष्मदर्शकाचं इमर्शन ऑइल देतील. मुद्दाम घट्ट केलेलं, १.५१५ अपवर्तनांकाचं. ते भिंगासाठी आहे, साबणासाठी नाही.

पायरी ४: साठवण

तेलाचे शत्रू हवा, ऊन, उष्णता आणि पाणी. देवदारासाठी माझ्या मते हा क्रमही बरोबर आहे. नवखे लोक उष्णतेला घाबरून तेल फ्रिजमध्ये ठेवतात आणि बाटली मात्र अर्धी रिकामी असते. हिमाचलीन हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू जुळतात, तेल घट्ट आणि चिकट होतं, वासाला व्हार्निशची झाक येते. बाटलीत जितकी हवा जास्त, तितकं हे लवकर होतं.

म्हणून किलोचा कॅन आला की त्याच दिवशी तो छोट्या बाटल्यांत वाटून टाका. एक किलो म्हणजे साधारण १,०७० मिलि, १०० मिलिच्या अकरा बाटल्या लागतील. एका वेळी एकच बाटली वापरायला काढायची. बाटल्या मानेपर्यंत भरा, पण काठोकाठ नको. जानेवारीच्या थंडीत भरलेलं तेल मेमध्ये साधारण दोन टक्के फुगतं, आणि काठोकाठ भरलेली बाटली झाकणातून पाझरते. तीन ते पाच टक्के जागा मोकळी सोडा.

बाटली अंबर काचेची, झाकणाला आत टेफ्लॉन किंवा पॉलिथिनचं अस्तर असलेली. मोठ्या प्रमाणासाठी आतून लेप असलेले अ‍ॅल्युमिनियमचे कॅन चालतात. एचडीपीई प्लॅस्टिक वाहतुकीपुरतं ठीक, वर्षभरासाठी नाही. रबरी फुगा असलेली ड्रॉपर बाटलीवर कायम लावून ठेवू नका: रबर मऊ पडून तेलात उतरतं. थंड पेयाच्या बाटल्या, औषधाच्या जुन्या बाटल्या आणि थर्माकोल वर्ज्य. बाटल्या धुतल्यावर पूर्ण वाळू द्या. तळाशी राहिलेला पाण्याचा एक थेंबही तेल गढूळ करायला पुरतो.

जागा कुठली? मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि पत्र्याखाली त्याहून बराच वर. पत्र्याच्या शेडमध्ये तेल ठेवू नका, गच्चीखालच्या माळ्यावर तर नाहीच. जुनं माळवदाचं घर असेल तर आतल्या खोलीतला जमिनीलगतचा कोनाडा सर्वांत चांगला. जाड मातीच्या भिंतीमुळे दिवस-रात्रीचा चढउतार कमी होतो. सिमेंटच्या घरात उत्तरेकडच्या खोलीतलं खालच्या कप्प्याचं बंद कपाट निवडा. स्वयंपाकघर नको, देवघरही नको. दिव्याजवळ तेलाचा साठा कशाला?

फ्रिजची गरज नाही. ठेवलंच तर एक नियम पाळा: बाहेर काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. थंड बाटली उघडली की हवेतली वाफ आत तेलावर जमते. पावसाळ्यात हे फारच लवकर होतं.

अमेरिकन तेल घेतलं असेल तर हिवाळ्यात, विशेषतः परभणीकडच्या थंडीत, तळाशी पांढरे स्फटिक दिसू शकतात. ते सेड्रॉल आहे, भेसळ नव्हे. बंद बाटली ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात ठेवून हलक्या हातानं फिरवा. स्फटिक विरघळल्याशिवाय तेल ओतू नका, नाहीतर वरच्या आणि खालच्या तेलाचा वास वेगवेगळा निघेल.

लेबलवर झाडाचं नाव, विक्रेत्याचा बॅच क्रमांक, आल्याची तारीख आणि उघडल्याची तारीख लिहा. वरून पारदर्शक टेप लावा, तेलानं शाई पुसते. असं ठेवलेलं देवदार तेल काही वर्षं टिकतं. दर सहा महिन्यांनी पट्टीवर जुनं आणि नवं शेजारी हुंगून पाहा. घट्ट, चिकट, व्हार्निशच्या वासाचं झालेलं तेल त्वचेवर लागणाऱ्या कुठल्याही मालात घालू नका, त्यानं पुरळ उठू शकतं. पुरचुंड्यांसाठी मात्र ते चालतं.

आणि वार्षिक खरेदी फेब्रुवारीच्या आत उरका. मेमधलं पार्सल वाटेत किती दिवस कुठल्या गोदामात तापलं, हे कुणीच सांगत नाही.

पायरी ५: वापर, आणि किती

थेंब मोजणं सोडा. एक मिलिचे साधारण २० थेंब धरतात, पण थेंबाचा आकार प्रत्येक तेलाचा वेगळा, आणि ड्रॉपर बदलली की हिशेब बदलतो. सगळं ग्रॅममध्ये.

साबण: कोल्ड प्रोसेस (न शिजवता केलेल्या) साबणात मूळ तेलांच्या वजनाच्या २ ते ३ टक्के, म्हणजे १ किलो तेलांना २० ते ३० ग्रॅम. मिश्रण पातळ कढीसारखं धरू लागलं की घाला. उन्हाळ्यात साचे कांबळ्यात गुंडाळू नका. खोलीच इतकी गरम असते की साबण आतून तापून मधोमध भेगाळतो, आणि दोष उगाच सुवासाच्या तेलावर येतो.

केसांचं तेल: १ ते २ टक्के, १०० ग्रॅमला १ ते २ ग्रॅम. आपल्याकडे घाण्याचं करडई तेल सहज मिळतं म्हणून बरेच जण तेच घेतात. साध्या करडईचं तेल लवकर खवट होतं. देवदार चांगलं राहतं आणि बाटली तरी वास मारते. तीळ किंवा खोबरेल घ्या. चेहऱ्यासाठी १ टक्क्याच्या वर जाऊ नका. कोपराच्या आत थोडं लावून २४ तास थांबणं प्रत्येक नव्या बॅचला करायचं. लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांसाठीचा माल नवख्यानं बनवू नये. पोटात तर कुणीच घेऊ नये, इंटरनेटवर काहीही लिहिलेलं असो.

अगरबत्ती: कोऱ्या काड्या बुडवायच्या मिश्रणात देवदार एकटं वापरू नका. जळताना ते नुसतं लाकूड जळाल्यासारखं लागतं. त्याचं खरं काम पाठीमागे उभं राहण्याचं: खस, गुलाब, चंदन यांचे वास ते धरून ठेवतं. सुवासाच्या भागात २० ते ३० टक्के देवदारानं सुरुवात करा. काड्या सावलीत वाळवा.

कपाट, पैठण्या, घोंगड्या: लाकडाच्या तुकड्यावर किंवा कापसाच्या बोळ्यावर ५-६ थेंब टाका, एक दिवस मुरू द्या, मग सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात टांगा. रेशमाला आणि जरीला तेल लागता कामा नये, डाग निघत नाही. चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा थेंब टाका. याची मर्यादा ओळखा. वासामुळे कसर दूर राहायला मदत होते, पण घडीत आधीच घातलेली अंडी त्यानं मरत नाहीत. घोंगडी आधी झटकून कडक उन्हात टाका, पैठणी सावलीत वारा देऊन घडी बदला, आणि मग पुरचुंडी.

लाकडाचं पॉलिश: जवसाच्या तेलात देवदार मिसळून छान पॉलिश होतं. पण जवसाचं तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेटू शकतो, आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच सांभाळावं. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पायरी ६: विकणार असाल तर कागदपत्रं

- उद्यम नोंदणी: ऑनलाइन, मोफत, आधार आणि पॅनवर. पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी समजा.
- जीएसटी: दुसऱ्या राज्यात माल पाठवणार असाल तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते.
- साबण, केसांचं तेल, रोल-ऑन ही सौंदर्यप्रसाधनं आहेत. बनवून विकायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम यांखाली. स्वतःची जागा नियमांत बसत नसेल तर परवानाधारक कारखान्याकडून बनवून घेण्याचा मार्ग आहे. साध्या अगरबत्तीला हा परवाना लागत नाही.
- पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किंमत, महिना-वर्ष, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क: वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते लेबलवरच्या एका ओळीत. 'केस गळती बरी करते' लिहिलं की माल औषधात मोजला जाऊ शकतो. 'डास पळवणारी अगरबत्ती' लिहिलं की १९६८ च्या कीटकनाशक कायद्याची नोंदणी विचारली जाते. पुरचुंडीवर 'कपाटासाठी देवदार सुगंध' एवढंच छापा. कसरीचं काय ते ग्राहकाला आधीच माहीत असतं.